सुई हातात द्यायची नसते

आमच्या घरात सुई कोणी कोणाच्या हातात देत नाही. कात्री, मीठ आणि लाल मिरचीही नाही. मागणाऱ्याने मागायचं, देणाऱ्याने ती वस्तू जमिनीवर किंवा जवळ असेल त्या कशावर ठेवायची, हात मागे घ्यायचा, आणि मग मागणाऱ्याने उचलायची. हातातून हातात गेली की त्या दोघांचं भांडण होतं. चुकून दिलीच, तर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या दंडाला चिमटा काढायचा, म्हणजे भांडण तेवढ्यावर भागतं. असं का, हे मी कधी विचारलं नाही. कोणाला माहीत असेल असं वाटलं नाही.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. शाळेची गाडी आमच्या गावाच्या फाट्यावरून मला आखाडा बाळापूरला न्यायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. फाट्यावर उतरलं की आमच्याच मेंढ्या रस्ता ओलांडत असायच्या, आणि गाडीतली मुलं खिडकीतून त्या मोजायची. मी उतरताना मोजत नसे. शाळेत मी विज्ञान शिकायचे आणि घरी आईला सुई ओट्यावर ठेवून द्यायचे. या दोन गोष्टी कित्येक वर्षं एकमेकींच्या आड आल्या नाहीत. आल्या त्या थेट ऑपरेशन थिएटरमध्ये, एका लेफ्टनंट कर्नलसमोर.

सैन्याच्या नर्सिंग कॉलेजमध्ये मी कशी पोचले हे फार सांगण्यासारखं नाही. नांदेडला क्लास लावला, प्रवेश परीक्षा दिली, दिल्लीला मुलाखतीला बोलावलं. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं की नर्सिंगच का. मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा सांगायला सांगितलं, कारण ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. त्या पुढे झुकल्या. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ठीक आहे. माझं उत्तर त्यांना पटलं की त्या दमल्या, हे मला अजून माहीत नाही. निवड झाली. आईने गावात सांगितलं की पोरगी मिलिटरीत लागली. गावाने त्यात बंदूक आपली आपणच गृहीत धरली.

पहिली दोन वर्षं बरी गेली. गप्प राहून करता येणाऱ्या सगळ्या गोष्टी मला जमल्या. चादरीचे कोपरे, ताप, नाडी, रक्तदाब, पट्टी बदलणं. सकाळच्या धावेत मी शेवटून तिसरी यायचे, पण यायचे. वॉर्डातले जवान मला हळू बोलणारी सिस्टर म्हणायचे, आणि मला काही विचारायचं असलं की आपणच उशीवरून डोकं उचलायचे. इंजेक्शन मी चांगलं देते. इंजेक्शनात सुई समोरच्याच्या हातात द्यायची नसते, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

मग आमच्या बॅचला थिएटरची पोस्टिंग लागली. तिथे काम असं असतं: सर्जनच्या बाजूला एक छोटी ट्रॉली असते, तिच्यावर निर्जंतुक हत्यारं ओळीने मांडलेली. सर्जन रुग्णाच्या पोटावरून नजर काढत नाही. तो नुसता तळहात पुढे करतो आणि नाव घेतो. त्याने नाव घेताच ते हत्यार, मूठ त्याच्याकडे करून, त्याच्या तळव्यात द्यायचं. ठेवायचं नाही, द्यायचं. थोडं आपटूनच. तळव्याला कळलं पाहिजे की आलं. त्याला बघायला लागू नये. फक्त सुरी हातात द्यायची नाही. सुरी किडनीच्या आकाराच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे पुढे करायचा, कारण सुरीने हातमोजा कापतो आणि मोज्यातला हातही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. लेखी परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलं होतं.

पहिलं ऑपरेशन हर्नियाचं होतं. लेफ्टनंट कर्नलसाहेबांनी तळहात पुढे केला आणि म्हणाले, "आर्टरी." म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, कात्रीसारखा दिसणारा. मी तो उचलला आणि त्यांच्या हाताजवळ, हिरव्या कापडावर ठेवला. आणि माझा हात मागे घेतला.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"आर्टरी," ते पुन्हा म्हणाले.

"ठेवलंय, सर," मी म्हणाले. बहुधा कोणाला ऐकू गेलं नाही.

शेवटी त्यांनी मान वळवून बघितलं. आधी माझ्याकडे, मग कापडावरच्या आर्टरीकडे, आणि मग आपल्या रिकाम्या तळहाताकडे. "सिस्टर, मैं हाथ फैलाए क्यों खड़ा हूँ?" त्यांनी विचारलं. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली, पण इतकी हळू की त्यांना ती धरावी की नाही कळलं नाही. पुढची कात्री मागितली. माझा हात पुन्हा खाली गेला. मी तो पाहत होते. तो माझाच होता, पण त्याने मला विचारलं नव्हतं.

ऑपरेशन झाल्यावर थिएटरच्या मेजर मॅडमनी मला हात धुवायच्या बेसिनजवळ उभं केलं. त्या केरळच्या होत्या, बुटक्या, आणि त्यांच्या कपड्यांना कधी सुरकुती नसे.

"प्रसाद बाँट रही थी?"

"नर्व्हस होते, मॅडम."

"नर्व्हस मुलगी हत्यार खाली पाडते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तू पाडत नाहीस. तू ठेवतेस. अगदी नीट, सरळ ठेवतेस. मला कळत नाही हे काय आहे."

मला कळत होतं. पण सैन्याच्या इस्पितळात, सुरकुती नसलेल्या मेजरसमोर, कात्री हातात दिली की भांडण होतं असं म्हणणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. मी म्हणाले, "सुधारेन, मॅडम."

त्या म्हणाल्या, सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात थिएटरची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. नापास झालेल्याला एकच फेरपरीक्षा मिळते. तीही गेली की तो खालच्या बॅचला जातो. माझ्या आधीच्या बॅचची एक मुलगी अशी खाली आली होती आणि आमच्यात जेवायला बसायची. तिच्या वर्गमैत्रिणी पुढच्या टेबलावर असायच्या, आणि त्यांची शेवटच्या वर्षाची फीत लागली त्या दिवशी ती आमच्यात टाळ्या वाजवत बसली होती. मला ती मुलगी व्हायचंच नव्हतं. एवढंच होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

खोलीत माझी मैत्रीण होती, उत्तराखंडची. ती दिवसभर बोलायची आणि तरी तिचं काम आधी व्हायचं. तिने सरळ विचारलं, "घर में छुआछूत मानते हो क्या?" मी म्हणाले, नाही, शिवाशिव नाही. फक्त सुई, कात्री, मीठ आणि मिरची. मग तिने हात पुढे केला आणि मला कंगवा द्यायला सांगितला. मी दिला. टूथब्रश दिला. चमचा दिला, चांगला आवाज काढून दिला. मग तिने नखं कापायची छोटी कात्री मागितली. मी ती गादीवर ठेवली.

"कंघी दे सकती है, कैंची नहीं?"

"हाताला माहीत आहे," मी म्हणाले.

"तो हाथ को बता," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी सुरू झाली. ती डोंगरावर गेली आणि मी हिंगोलीच्या गाडीत बसले.

आमचं घर म्हणजे दोन घरं आहेत, एका अंगणात समोरासमोर. एका दारात आई, दुसऱ्या दारात काकू, माझ्या चुलत्यांची बायको. दोघी मी सातवीत असल्यापासून बोलत नाहीत. शेळ्यामेंढ्या एकत्रच राहतात, विहीर एक आहे, लग्नाकार्याला दोघी शेजारी बसतात, पण बोलत नाहीत. आईचं म्हणणं की काकूने गोधडी शिवताना दाभण तिच्या हातात दिलं, म्हणून झालं. काकूचं म्हणणं की दाभणाचा काही संबंध नाही, तुझ्या आईची जीभच दाभण आहे. खरं कारण एक करडू होतं. ते कोणाच्या शेळीचं, यावर आजही दोन मतं आहेत. ते करडू केव्हाच विकलं गेलं.

काही सांगायचंच असलं तर दोघी शेळीला सांगतात. मी पोचले त्या दिवशी आई गोठ्याकडे तोंड करून म्हणाली, "ऐकतीस का गं, कुणाची तरी बकरी आमची मेथी खाऊन राहिली."

समोरच्या दारातून काकू म्हणाली, "बकरे, सांग त्याहीले, मेथीला काटी लावा म्हनाव. बकरीला काय वाचता येतं का, मेथी कुणाची हाय ते?"

शेळी दोघींच्या मधे उभी राहून चघळत होती.

वडील आणि चुलते कळप घेऊन पुसेगावकडे कोणाच्या तरी शेतात बसले होते. रान मोकळं झालं की शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात. घरात आम्ही बायकाच होतो. मी आईला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग तू हात पुढं धर. मी कात्री देते. सवय करायची आहे."

"खाली ठेव."

"आई, खाली ठेवलेलं डॉक्टर घेत नाही."

"काहून? हात मोडले का त्याचे?"

"त्याचे हात पोटात असतात."

"कुनाच्या?"

"पेशंटच्या."

आईने भाकरी उलटली. "मंग त्याच्यापाशी ठेव."

"त्याला तिकडे बघता येत नाही. त्याच्या हातात द्यावी लागते."

"अन् भांडण झालं मंग? इतक्या मोठ्या डाक्टरसंग? सरकारी मानसासंग भांडण म्हंजे नोकरीच गेली की." ती खरंच काळजीत पडली होती. मग तिला उपाय सुचला. "देतानाच त्यांना म्हनायचं, चिमटा काढा."

लेफ्टनंट कर्नलसाहेबांनी दर हत्यारामागे मला चिमटा काढावा, अशी सोय थिएटरमध्ये नव्हती. वडिलांना फोन केला. मागे मेंढ्या ओरडत होत्या. ते म्हणाले, "रुमालात गुंडाळून दे," आणि मग, "आईला म्हन, काळं मेंढरू लंगडतंय," आणि फोन ठेवला. शेजारच्या वहिनीने हात पुढे केला, पण कात्री तळव्याला टेकायच्या आत मागे ओढला. माझं तुझं चांगलं आहे, ती म्हणाली, कशाला बिघडवायचं. गावात ज्यांचं माझ्याशी चांगलं होतं, ते कोणी हात धरायला तयार नव्हते. हॉस्टेलमधल्यापेक्षा इथे लोक माझ्यावर जास्त माया करतात, हे मला असं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने तिच्या दारातून हाक मारली. "पोरी, इकडं ये. काय म्हनून राहिली तुझी आई, कातर कुनी घेत न्हाई?"

अंगण इतकं आहे की एका दारातलं दुसऱ्या दारात सगळं ऐकू येतं. न बोलण्याचा तेवढा एक तोटा आहे. मी गेले. ती परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. एक हात पिठात होता. दुसरा तिने माझ्याकडे न बघता पुढे केला. तळवा वर, बोटं जराशी मुडपलेली. मी चकित झाले. तो अगदी सर्जनचा हात होता.

"दे."

"काकू, भांडण होईल."

"तुझ्या आईसंग झालंच हाय. आता तुझ्यासंग झालं तर हिसाब बराबर. दे."

तिने लोकर कातरायची मोठी कात्री काढून ठेवली होती, सांडशी होती, दाभण होतं, आणि माझी पट्टी कापायची कात्री मी नेली होती. सगळं मी एका सुपात ओळीने मांडलं. काकू नाव घ्यायची आणि मी द्यायचे. पहिल्या दिवशी हात दर वेळी सुपाकडे परत जायचा. मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून तिच्या तळव्याकडे न्यायचे.

"मेल्यावानी काय देतीस? आहेर देऊन राहिलीस का? ठोक की."

"लागेल."

"म्या मेंढराच्या लाथा खाल्ल्यात. ठोक."

मी ठोकली. चांगला आवाज आला. समोरच्या दारात आई थबकली. ती काकूला काही म्हणू शकत नव्हती, म्हणून शेळीला म्हणाली, "बघ गं, बघून ठेव. उद्या ह्या दोघी भांडतील, तवा म्या सोडवायला जानार न्हाई."

काकूला सर्जन होणं आवडलं. दोन दिवसांत ती नुसतं बोट हलवायची आणि मी ओळखावं अशी तिची अपेक्षा असायची. हत्यारांच्या मधेच ती मिसरीची डबी मागायची. मी ती सुपात नाही म्हटलं की म्हणायची, "मंग ठेवायला पायजे व्हती, तयारी तयारी म्हंत्यात ती काय असती?" तिचं काम चाललेलंच असायचं. भाकरी, शेण, शेळीच्या खुराला तेल. तिची नजर कामावर आणि हात माझ्याकडे. आवाज मोठा नाही काढला की ती हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "कळलं न्हाई मला. आलं का?" हात हळूहळू सुपाकडे जायचा थांबला.

एकदा तिने विळा मागितला आणि मी तो ताटलीत ठेवून पुढे केला.

"हे काय? हातात दे."

"पातं हातात देत नाहीत, काकू. आमच्यात नियम आहे. सुरी ट्रेमधून."

तिचे हात थांबले. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "म्हंजे तुझी आई बराबर हाय?"

"अर्धी."

ही बातमी तिने शेळीलाही सांगितली नाही.

आणि मग भांडण झालं. आईला वाटतं त्या कारणाने की नाही, ते मी सांगू शकत नाही. काकूने दाभण मागितलं, मी दिलं, आणि ती सहज म्हणाली, "त्या डाक्टरला सरळ सांगितलं काहून न्हाई तू? आमच्याकडं असं असतंय म्हनून?"

"ऐकलं नसतं त्यांनी."

"ऐकलं नसतं का तुला लाज वाटली? गाडीतनं उतरून मेंढरांकडं न बघता घरी यायचीस, तशी?"

मी म्हणाले की तिला तिथलं काही माहीत नाही. ती म्हणाली की माहीत असायला तिला कोणी इंग्रजी शाळेत घातलं नव्हतं. मी म्हणाले, मला घाला असं मीही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, आवाज आता निघतोय बघ, तिथं काढायचा की. मी कात्री उचलली आणि आमच्या घरात आले. चुलीजवळ बसून राहिले. आईने मला पाणी दिलं आणि समाधानाने म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं."

संध्याकाळी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई दोनदा मुद्दाम समोरच्या दाराकडे बघून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात बसून शेळीचं खूर साफ करत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा उजवा हात खुरात होता. डावा तिने मागे, आमच्या दाराच्या दिशेने, उघडा धरला होता. असा हात फार वेळ धरला की दुखतो. मला माहीत होतं. मी सूप घेऊन गेले.

"बोलायचं न्हाई म्या," ती म्हणाली. "कातर."

मी दिली.

"आता पुन्हा दुसरं काय व्हनार? झालं ते झालं. सांडशी."

तिची समजूत अशी होती की एका माणसाशी एकदा भांडण झालं की हत्याराचं काम संपतं. पुढे कितीही दिलं तरी चालतं. मला ती पटली. सुट्टी संपेपर्यंत आमचं दोघींचं सुपातलं सगळं देऊन-घेऊन झालं, आणि माझी बस निघाली तेव्हा तिच्या तळहातावर एक निळसर डाग होता. तो तिने दुसऱ्यांना कौतुकाने दाखवल्याचं मी नंतर ऐकलं.

परीक्षा थिएटरमध्येच होती, पण रुग्णाच्या जागी रबरी पुतळा होता, हिरव्या कापडाखाली. परीक्षक दुसऱ्या इस्पितळातून आलेले एक कर्नल होते. कोपऱ्यात मेजर मॅडम उभ्या होत्या. बाहेर आम्ही ओळीने हात वर धरून थांबलो होतो, निर्जंतुक झालेल्या हातांना कुठे लागू नये म्हणून. मैत्रीण माझ्या पुढे होती. ती आत गेली, बाहेर आली, आणि मास्कवरून तिचे डोळे हसले. मग मी.

कर्नलसाहेबांनी पुतळ्याच्या पोटाकडे बघत हात पुढे केला. "आर्टरी."

मी दिली. आवाज आला. त्यांनी बोटं मिटली आणि हात खाली नेला. त्यांनी मान वळवली नाही. मेजर मॅडमनी कोपऱ्यात वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. कात्री. दिली. मग सरळ आर्टरी मागितली तिथे मी वाकडी दिली, आणि त्यांनी ती न बोलता परत माझ्याकडे धरली. मी बदलून दिली. माझे कान गरम झाले, पण हात चालत होते.

मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "नाइफ."

मी सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे त्यांच्या हाताखाली धरला. त्यांचा तळवा तसाच उघडा राहिला.

"नाइफ," ते म्हणाले. "इन माय हँड, सिस्टर."

त्यांच्या खांद्यावर काय होतं ते हिरव्या झग्याखाली दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं. गेला महिनाभर मी एकच गोष्ट शिकत होते: हात पुढे आला की हातात द्यायचं. आता हात पुढे आला होता, वरून हुकूमही होता. मी ट्रे तसाच धरून ठेवला. त्यात शहाणपण किती आणि लहानपणापासूनची सवय किती, याचा हिशोब त्या वेळी करता येत नव्हता. पण नुसता ट्रे धरून भागणार नव्हतं. पुतळ्याकडे बघणाऱ्या माणसाला ट्रे दिसत नाही. सांगावं लागतं.

"ट्रे, सर," मी म्हणाले.

"आय कान्ट हिअर यू."

"सुरी ट्रेमध्ये आहे, सर. हातात देणार नाही."

हे मी मराठीत म्हणाले. आणि इतक्या मोठ्याने की बाहेरच्या ओळीला ऐकू गेलं, असं मला नंतर कळलं. मग मी तेच इंग्रजीत सांगितलं, जरा हळू. कर्नलसाहेबांनी ट्रेमधून सुरी उचलली, हवेत एक रेघ मारली, परत ट्रेमध्ये ठेवली, आणि म्हणाले, "नेक्स्ट कॅडेट."

निकाल दुपारी मेजर मॅडमनी तोंडी सांगितला. मी पास. माझ्या नावापुढे त्या थांबल्या आणि म्हणाल्या की मराठी समजणारा परीक्षक नेहमी मिळेलच असं नाही, तेव्हा पुढच्या वेळी पहिल्यापासून इंग्रजी. ते कर्नल मराठी होते, हे मला तेव्हा कळलं.

माझी मैत्रीण पास नव्हती. तिचे हात आमच्या सगळ्यांत चांगले होते, एकही हत्यार चुकलं नव्हतं. पण त्यांनी हातात दे म्हटल्यावर तिने सुरी हातात दिली होती, व्यवस्थित, मूठ त्यांच्याकडे करून, आवाज काढून. "कर्नल बोल रहे हैं, मैं कैसे मना करूँ?" ती मला विचारत होती. तिच्या घरी तीन पिढ्या सैन्यात होत्या. मोठ्या माणसाने मागितलेलं द्यायचं नाही, अशी कुठलीच गोष्ट तिला कधी शिकवली गेली नव्हती. तिला ती एकमेव फेरपरीक्षा मिळाली. त्यात गेली तर खालची बॅच.

घरी फोन केला. आई म्हणाली, "पास झाली ना, मंग आता जेव." मागून काकूचा आवाज आला की, बकरे, तिच्या आईला सांग, पोरीला कुणी तयार केलं. आईने फोनवर हात न ठेवताच शेळीला उत्तर दिलं. त्या दोघींचं बरंच चाललं, मग मी फोन ठेवला.

मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. कधी नव्हे ती बोलत नव्हती. मी टेबलावर स्टीलची ताटली ठेवली, तिच्यात पेन्सिल ठेवली, सुरीऐवजी. मग खुर्चीवर ताठ बसले, पुस्तकावर नजर लावली आणि हात पुढे केला.

"नाइफ," मी म्हणाले.

ती हलली नाही.

"नाइफ. इन माय हँड."

तिने वळून बघितलं. उठली. पेन्सिल उचलली आणि सरळ माझ्या तळव्यात दिली.

"फेल," मी म्हणाले.

"तू बोल रही है ना, हाथ में दे!"

"मी बोलणारच. तू द्यायची नाहीस." मी पेन्सिल ताटलीत परत ठेवली आणि हात पुन्हा धरला. दुसऱ्यांदाही तिने हातातच दिली, आणि तिसऱ्यांदाही. दर वेळी माझा आवाज ऐकून तिचा हात आपोआप पुढे यायचा. माझं याआधी कोणी इतकं ऐकलं नव्हतं. मी आवाज चढवला. शेजारच्या खोलीतून कोणी तरी भिंतीवर थाप मारली. मी आणखी चढवला.

शेवटी तिने ताटली दोन्ही हातांनी माझ्या नाकाखाली धरली आणि ओरडली, "ट्रे, मॅडम! नहीं दूँगी!"

"पुन्हा," मी म्हणाले.